निमसरीची सावली

“वन्सं, तुमचं सासर आलंय पोस्टानं,” असं म्हणत वहिनींनी खाकी पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलं. दुपारची शाळा होती. मी घाईघाईनं भात कालवत होते, तरी डाव्या हातानं पाकीट ओढलं. वहिनींनी ते परत आपल्याकडे ओढून घेतलं.

“आधी जेवा. सासरची माणसं कुठं पळून जात नाहीत.”

“सासर काय म्हणता हो सारखं? कुणी ऐकलं तर?”

“ऐकू दे की. कधीतरी कुणीतरी ऐकायलाच पाहिजे आता.”

मी चौतिशीची होते, मिरजेत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि दादा-वहिनींकडे राहत होते. माझ्या लग्नाचा विषय घरात सगळ्यांनी सोडून दिला होता, वहिनींनी मात्र सोडला नव्हता. आणि त्यांना आशा वाटत होती ती या पाकिटामुळेच.

पाकीट म्हणजे काय, ते सांगते. भिंतीवर रंगवलेली सावलीची घड्याळं हुडकायची आणि त्यांचे फोटो काढायचे, असा नाद असलेली आम्ही मूठभर माणसं होतो. निपाणीचे एक डॉक्टर होते, वाईचे एक पेन्शनर मामलेदार होते, सोलापूरचे श्रीधर मोहोळकर होते आणि मी. भिंतीत एक सळई ठोकलेली असते, तिच्याखाली तासांच्या रेघा रंगवलेल्या असतात, आणि सळईची सावली ज्या रेघेवर पडेल ती वेळ. जुन्या संस्थानांच्या मुलखात शाळांवर, चावड्यांवर कुणाकुणा हौशी माणसांनी अशी घड्याळं रंगवून ठेवली होती. बहुतेकांवरून चुन्याचा हात फिरला होता. उरलीसुरली आम्ही शोधत असू.

फोटो एकमेकांना दाखवायचे कसे, तर हे फिरतं पाकीट. ते आपल्याकडे आलं की आतला आपला जुना फोटो काढून घ्यायचा, नवा घालायचा, इतरांच्या फोटोंमागे पेन्सिलीनं शेरा लिहायचा आणि पाकीट पुढच्या माणसाला धाडायचं. नियम एकच होता, तो मोहोळकरांनी घातलेला. फोटो स्वतः जाऊन काढलेला हवा, आणि त्याच्या मागे काढल्याचा दिवस आणि मनगटावरच्या घड्याळाची वेळ लिहिलेली हवी. “आपल्या नादात एक गोष्ट चांगली आहे बाई,” ते मला म्हणायचे, “इथं थाप मारता येत नाही. दिवस कुठला, वेळ कुठली, सगळं फोटोतच लिहिलेलं असतं.”

मोहोळकर कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. चाळीस ओलांडलेली, लग्न राहून गेलेलं. त्यांची बहीण सांगलीला असे, त्यामुळे दर महिन्या-दीड महिन्याला त्यांची फेरी व्हायची, आणि सांगलीपर्यंत आलेला माणूस मिरजेला येतोच. आम्ही दोघांनी मिळून बऱ्याच भिंती पाहिल्या होत्या. भिंतीपुढे उभे राहिले की मोहोळकरांना तहान-भूक आठवत नसे. ओळंबा सोडून बघतील, रंगाचा पोपडा नखानं उचकटून खालचा थर बघतील, सळई वाकलेली तर नाही ना म्हणून जमिनीवर पाठ टेकून वर बघतील. एकदा मी कौतुकानं जरा पुढे झाले, तर म्हणाले, “बाई, बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय.” मला त्याचाही राग आला नाही. इतकं बारकाईनं बघणारा माणूस आपल्यालाही कधीतरी तसंच बघेल, असं वाटायचं. वेडच ते, पण वाटायचं.

आणि गेल्या दिवाळीत ते आपण होऊन म्हणाले होते, “जतच्या पुढे निमसरी म्हणून गाव आहे. तिथल्या शाळेवर एक घड्याळ आहे असं कळलंय. ते कुणीच पाहिलेलं नाही. ते आपण दोघांनीच बघायचं. मला तिथं तुमच्याशी जरा बोलायचंही आहे.”

हे मी वहिनींना सांगितलं. वहिनींनी कपाट उघडलं आणि स्वतःची मोरपंखी इरकल काढून माझ्या कपाटात ठेवली. त्या वेळी मला हसू आलं होतं.

पण संक्रांत गेली, होळी आली, मोहोळकर निमसरीचं नाव काढेनात. मधल्या काळात एकच झालं होतं. पाकिटात मृणाल शेवडे आल्या होत्या.

मी हेवेखोर आहे. लहानपणी शेजारणीची रांगोळी माझ्यापेक्षा चांगली आली तर मला जेवण जात नसे. पण मृणाल शेवड्यांनी मला जे दाखवलं, ते त्याच्याही पलीकडचं होतं. बाई नाशिकच्या. भाऊ ऑस्ट्रियात, त्याच्याकडे सहा महिने राहून आलेल्या. आम्ही काळेपांढरे फोटो जपून जपून काढायचो, एका रोलमध्ये चार भिंती बसवायचो. त्यांचे फोटो रंगीत. डोंगरातली गावं, घराच्या अख्ख्या भिंतीवर रंगवलेलं घड्याळ, त्यात देवदूत, द्राक्षांचे वेल, हसऱ्या तोंडाचा सूर्य. खाली खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. असा एकेक फोटो पाकिटातून निघायचा आणि शेजारी माझी आटपाडीकडची पोपडे आलेली चावडी. माझ्या फोटोमागे मोहोळकरांचा शेरा असे, “छान. रेघा स्पष्ट.” त्यांच्या फोटोमागे पेन्सिल चारी कडांनी फिरून जागा संपली की एक चिठ्ठी जोडलेली असे. त्या चिठ्ठ्या मी वाचायची. वाचायच्या नाहीत असं ठरवून वाचायची.

“नव्याचे नऊ दिवस,” वहिनी म्हणायच्या.

“नऊ कधीच होऊन गेले, वहिनी.”

तर त्या दुपारी मी हात धुतला आणि पाकीट उघडलं. डॉक्टरांचा फोटो, मामलेदारांचा फोटो. मग मोहोळकरांचा. भिंतीवर गडद पट्ट्यात देवनागरी आकडे होते, पट्टा निळा असावा, रंग कळत नव्हता, पण अक्षर सुरेख होतं. फोटो उलटला. मागे मोहोळकरांच्या हातचं, “निमसरी. दत्तजयंतीचा दुसरा दिवस. सकाळी पावणेदहा.”

म्हणजे ते एकटेच जाऊन आले होते. मग शेवटचा फोटो काढला, तो रंगीत होता. आकडे खरंच निळ्या पट्ट्यात होते. मागे मृणाल शेवड्यांचं गोल गोल अक्षर, “निमसरी. महाशिवरात्र. सकाळी पावणेदहा.”

“काय झालं?” वहिनींनी विचारलं. “पांढऱ्या पडलात.”

“काही नाही. पट्टी कुठं आहे?”

शाळेची घंटा चुकली तर चुकू दे, असं म्हणून मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि पट्टी लावली. भिंतीवरच्या सावलीचं जमिनीवरच्या सावलीपेक्षा उलटं असतं. थंडीत सूर्य खालून जातो, म्हणून दक्षिणेकडच्या भिंतीवर सळईची सावली आखूड पडते. उन्हाळा जसजसा जवळ येईल तसतशी ती लांबत जाते. दत्तजयंती म्हणजे ऐन थंडी. महाशिवरात्र म्हणजे थंडीची पाठवणी. सकाळची वेळ एकच असली तरी या दोन दिवसांची सावली एका लांबीची असूच शकत नाही. आणि या दोन्ही फोटोंत ती तंतोतंत सारखी होती. त्याच रेघेवर पडलेली, त्याच आकड्याच्या शेपटीला टेकलेली.

मी वहिनींना समजावून सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसत पुसत ऐकलं.

“म्हणजे?”

“म्हणजे दोघं एकाच दिवशी, एकाच वेळी तिथं उभे होते. आणि मागं खोटे दिवस लिहिलेत.”

“हे सगळं सावलीवरनं?”

“सावलीवरनं.”

“तुम्ही पोलिसात जायला हवं होतं वन्सं. भूगोलात वाया गेलात.” पण बोलताना त्यांचाही चेहरा उतरला होता. “असं करा, येत्या रविवारी येणार आहेत ना ते? सरळ विचारा. मनात कुढत बसलात तर आपलंच रक्त आटतं, समोरच्याचं काही जात नाही.”

रविवारी मोहोळकर आले ते सकाळीच. पाडवा तोंडावर आला होता, बहिणीनं दिलेली साखरेची गाठी त्यांनी वहिनींच्या हातात ठेवली. मी चहाही होऊ दिला नाही. दोन्ही फोटो त्यांच्यासमोर टेबलावर मांडले आणि वर पट्टी ठेवली.

“बघा.”

त्यांनी बघितलं. आधी चष्मा काढून, मग लावून. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“छान आलाय हो यांचा. रंग कसे—”

“रंग राहू दे. सावली बघा.”

“पावणेदहाची आहे. निमसरीला सकाळची एकच एसटी जाते बाई. सकाळी जो कुणी जाईल तो त्याच वेळेला पोचणार.”

“लांबी बघा.”

त्यांनी पट्टी उचलली, पण लावली नाही. “प्रिंट लहानमोठी होते. कागद आकसतो.”

“दोन्हीतल्या आकड्यांची उंची सारखी आहे. ती मी आधी मोजली.” मला माझाच आवाज वर्गातल्यासारखा ऐकू येत होता. “थंडीत आणि शिवरात्रीला सावली सारखी कशी, एवढंच सांगा. मला तुम्हीच शिकवलंय हे.”

वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. मोहोळकरांनी कप पुढे ओढला.

“मी डिसेंबरात गेलो होतो,” ते म्हणाले. “एकटा. राहून गेलं तुम्हाला सांगायचं. कॉलेजची कामं निघाली.”

“मग तिथं जाऊ. आत्ता. सळई मोजू, ती कशी ठोकलीय ते बघू. सळईची लांबी कळली की सावलीवरून दिवस काढता येतो.”

“आत्ता? अहो, जाऊन पोचेपर्यंत दुपार टळेल.”

“टळू दे.”

“वन्सं,” वहिनी हळूच म्हणाल्या, “हात दाखवून अवलक्षण कशाला?”

मी ऐकलं नाही. इरकल नेसायचा प्रश्नच नव्हता, शाळेच्या साडीवर निघाले. पिशवीत कॅमेरा टाकला, शिवणाच्या मशिनीवरची वहिनींची टेप टाकली. मोहोळकर मागून आले. त्यांना नाही म्हणता आलं असतं, पण नाही म्हणणं म्हणजे कबुलीच झाली असती, हे त्यांनाही कळत होतं.

जतची गाडी मिळाली. मला खिडकीजवळ बसवून ते पलीकडच्या रांगेत बसले. इतर वेळी शेजारी बसत. बाहेर माळरान, मधेच एखादी बाभूळ, मेंढ्या. मला आतून एकसारखं वाटत होतं की या रस्त्यानं ते दोघं असेच गेले असतील, आणि तेव्हा पलीकडच्या रांगेत कुणी बसलं नसेल. त्या बाईंच्या हातात चांगला कॅमेरा असेल. त्या ऑस्ट्रियाच्या गोष्टी सांगत असतील. मला सांगायला होतं काय? जास्तीत जास्त लांब गेले ती सहलीच्या मुली घेऊन, पन्हाळ्याला. जळफळाट म्हणजे काय, ते त्या गाडीत मी अंगभर अनुभवलं. घामासारखा तो कपाळावर येत होता.

जतला गाडी बदलली. तिथं मोहोळकरांनी मला उसाचा रस आणून दिला.

“बाई, एक विचारू?”

“विचारा.”

“समजा, दिवस चुकीचा लिहिला गेला असेल एखाद्याकडून. तर तेवढ्यासाठी माणूस इतका लांब येतो?”

“तुम्हीच म्हणायचात ना, आपल्या नादात थाप मारता येत नाही म्हणून?”

त्यावर ते ग्लास परत द्यायला गेले.

निमसरीला उतरलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. गाव म्हणजे एक पार, एक पिठाची गिरणी आणि पुढे शाळा. शाळा बैठी, कौलारू, लांबलचक, तोंड दक्षिणेला. फाटक उघडंच होतं. मी पुढे होते, मोहोळकर दोन पावलं मागे. फाटकातून आत शिरताना ती भिंत आडवी, बाजूनं दिसते. आणि बाजूनं बघताच माझे पाय थांबले.

भिंतीतून काहीही बाहेर आलेलं नव्हतं. सळईच नव्हती. भिंत पोळपाटासारखी सपाट.

मी समोर जाऊन उभी राहिले. टळटळीत दुपार, ऊन पश्चिमेकडून भिंतीवर तिरपं पडलेलं. निळ्या पट्ट्यातले आकडे सुरेख होते. मधोमध सळई होती, पण ती रंगानं काढलेली, एका कडेला उजेड दिल्यासारखी पांढरी रेघ ओढून. आणि तिच्यापासून निघालेली करडी सावली पावणेदहा दाखवत होती. ती सावली रंगाची होती. दिवस मावळेपर्यंत पावणेदहाच दाखवणार होती, आणि उद्याही, आणि पावसातही.

टेप माझ्या हातात तशीच राहिली.

“अरेच्चा,” मागून मोहोळकर म्हणाले.

ते पुढे गेले. मान वाकडी करून बघितलं, मग जवळ जाऊन तळवा सावलीवरून फिरवला. तळवा बघितला. नखानं जरासं खरवडलं.

“ऑइलपेंट,” ते म्हणाले. “बाई, ही रंगवलेली आहे. सावली रंगवलीय कुणीतरी.”

तेवढ्यात शाळेच्या मागच्या खोलीतून एक गृहस्थ बनियनवर शर्ट चढवत आले. तिथले हेडमास्तर, तिथंच राहायचे. गव्हाणे गुरुजी. पाहुणे घड्याळ बघायला आलेत म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला.

“सळई कधीच मोडली होती बघा. पोरं लोंबकळायची की. मग शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. पेंटरला म्हटलं, बाबा, हे आमच्या गावचं वैभव हाय, व्हतं तसं करून दे. जुना फोटू व्हता आमच्याकडं, सायबांच्या व्हिजिटचा. त्येच्यावरनं केलं त्येनं, हुबेहूब.”

“सावलीसकट?” मी विचारलं.

“आता फोटूत व्हती म्हणजे काढायलाच पायजे की.” त्यांना माझा प्रश्न जरा विचित्र वाटला असावा. “सायेब सकाळचं आलं व्हतं.”

“कधी रंगवलं हे?” मोहोळकरांनी विचारलं.

“दसऱ्याला. चहा ठेवायला सांगतो, बसा.”

गुरुजी आत गेले. मोहोळकर माझ्याकडे वळले आणि हसायला लागले. दिवसभरात पहिल्यांदा हसत होते. चष्मा काढून डोळे पुसले.

“बाई, अहो, म्हणजे फोटो केव्हाही काढा, डिसेंबरात काढा, शिवरात्रीला काढा, सावली तीच येणार! तुमचा सगळा हिशेबच कोसळला की. पट्टी लावून काय बसलात!”

मलाही हसू फुटलं. खरं सांगते, त्या वेळी मला इतकं हलकं वाटलं की मी त्या शाळेच्या पायरीवर बसूनच घेतलं. एका पेंटरनं साहेबाची सकाळ भिंतीवर रंगवून ठेवली होती, आणि मी तिला पट्टी लावून एका भल्या माणसाला उभं-आडवं घेतलं होतं. चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, ते कशासाठी? मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं. वाटलं, आता हे शेजारी येऊन बसतील, आता ते दिवाळीपासूनचं बोलणं निघेल. इरकल नेसून यायला हवं होतं, असंही मनात येऊन गेलं.

मोहोळकर अजून भिंतीपुढेच होते. त्यांना राहवत नव्हतं. मागे सरकून बघत होते, परत पुढे जात होते, सळईच्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवत होते. “काय हात आहे पेंटरचा! फोटोत शंकासुद्धा येत नाही. आणि इथं बघा, सळईचं भोक लिंपलंय, त्यावर रंग दिलाय, गिलावा फुगलाय तो दिसतोय. आकडे मात्र जुन्याच रेघांवर गिरवलेत, हे बघा, इथं खालची रेघ डोकावतेय—”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माफीचे शब्द तोंडातच राहिले.

“मोहोळकर.”

“हं?”

“ही भिंत तुम्ही आज पहिल्यांदा बघताय.”

“छे, मी आलो होतो की. फोटो नाही का—” ते थांबले.

“आला होतात. फोटोही काढलात. इथंच कुठंतरी, समोर उभं राहून.” मी पायरीवरून उठले नाही. “फाटकातून आत येताना मला लांबूनच दिसलं, सळई नाही म्हणून. मला, जिला सगळं तुम्ही शिकवलंत. आणि तुम्ही इथं येऊन गेलात, आणि तुम्हाला ते आज कळतंय.”

त्यांचा हात भिंतीवरच होता. तो त्यांनी खाली घेतला.

“मग त्या दिवशी तुम्ही कशाकडे बघत होता?”

शाळेच्या कौलावरचा कावळा उडून गेला. आतून गुरुजींच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

“त्या बोलत होत्या,” ते म्हणाले.

एवढंच. मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. त्यांनीच हळूहळू सांगितलं. शिवरात्रीची सुट्टी होती, त्या आदल्या दिवशी सोलापूरला आल्या होत्या. सकाळच्या गाडीनं दोघं इथं आले. आल्या आल्या एकेक फोटो काढून घेतला, काम उरकल्यासारखा, आणि मग याच पायरीवर बसले. परतीची गाडी संध्याकाळची होती. त्या म्हणाल्या, दोघांनी एकच दिवस लिहायला काय हरकत आहे. पण आपल्या फोटोमागे डिसेंबर लिहायचं मोहोळकरांनीच ठरवलं.

“का?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“आणि दिवाळीत मला म्हणालात, तिथं बोलायचंय. ते काय होतं?”

त्यांनी चष्मा काढून काच शर्टाला पुसली. “तेव्हा जे बोलायचं होतं, ते तेव्हा खरं होतं बाई. एवढंच सांगू शकतो.”

गुरुजी चहा घेऊन आले. कानतुटके कप, पण बशा जोडीच्या होत्या. आम्ही चहा घेतला. गुरुजी घड्याळाचा इतिहास सांगत होते, मी हं हं करत होते. निघताना ते म्हणाले, “फोटू काढा की, एवढं लांबून आलाय.” त्यांचं मन मोडायला नको म्हणून मी कॅमेरा काढला, भिंतीसमोर उभी राहिले आणि फोटो काढला. मागे लिहायची वेळ म्हणून घड्याळ बघितलं, सवयीनं. साडेतीन झाले होते. भिंत पावणेदहाच दाखवत होती.

परतीच्या गाडीत मोहोळकर शेजारी बसले. आता त्यांना पलीकडे बसायचं कारण उरलं नव्हतं. जतला उतरून ते सोलापूरच्या गाडीकडे गेले. जाताना म्हणाले, “पाकीट बंद करू नका.” मी म्हटलं, “पाकिटाचा काय दोष.” आणि खरंच ते पुढे बरीच वर्षं फिरलं. वैशाखात त्यांचं आणि मृणाल शेवड्यांचं लग्न झालं. आमंत्रण आलं, मी गेले नाही, आहेर मनिऑर्डरनं पाठवला. नंतर त्या दोघांचा मिळून एकच फोटो यायचा पाकिटात, रंगीत. माझा शेरा ठरलेला असायचा, “छान. रेघा स्पष्ट.” त्यांना काय कळायचं ते कळत असेल.

त्या रात्री घरी पोचले तेव्हा दादा-वहिनी निजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींना थोडक्यात सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला, सांगलीची ती गाठी गणपतीपुढून उचलून डब्यात टाकली, आणि झाकण लावता लावता एकदम म्हणाल्या, “काय मेलं एवढं आहे त्या बाईत? कॅमेरा?”

“कॅमेरा नाही.”

“मग ऑस्ट्रिया?”

“तेही नाही.”

“गोरी आहे का?”

“मी पाहिलेलंच नाही त्यांना.” 

वहिनी डबा बाजूला ठेवून समोर बसल्या. “मग इतकं कशाचं लागलं तुम्हाला, ते तरी सांगा. सांगितलंत म्हणजे जरा मोकळं वाटेल. तिच्याबरोबर गेला, त्याचं? खोटं लिहिलं, त्याचं?”

मी चहाचा कप फिरवत राहिले. खोटं लिहिल्याचं मला आता काहीच वाटत नव्हतं. तिच्याबरोबर गेल्याचंही नाही म्हटलं तरी चाललं असतं. पण त्या बाईंना जे मिळालं होतं ते मला कधीच मिळालं नव्हतं, आणि मिळत नाहीये हे कळायला मला निमसरीपर्यंत जावं लागलं होतं. त्याचा हेवा मला त्या सकाळी इतका वाटला की मी चहा तसाच बाजूला सारला. आजही, इतक्या वर्षांनी, तो तेवढाच आहे.

“वहिनी,” मी म्हटलं, “माझ्याबरोबर ते जेवढ्या भिंतींपुढे उभे राहिले ना, त्या सगळ्या त्यांनी अगदी नीट पाहिल्या.”